ओवीतली माया आणि यंत्रातला आवाज



मागच्या महिन्यात आम्ही एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्याचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात आम्ही मोबाइलला छोटा स्पीकर जोडला आणि म्हणालो, "चार मिनिटं डोळे मिटून ऐका, मग काय वाटलं ते सांगा."

आधी नुसती जात्याची घरघर ऐकू आली. मग बांगड्यांचा आवाज. मग एका बाईनं "गं बाई" एवढंच म्हटलं, ते पुन्हा आलं, पुन्हा आलं, जणू तीन घरांतून तीन जणी साद घालताहेत. त्यानंतर तिनं भावावरची ओवी गायली. ओवी चालू असताना खाली तिचाच आवाज विहिरीतून यावा तसा खोल आणि संथ ऐकू येत होता. शेवटी सगळं थांबलं आणि तिचा श्वास तेवढा राहिला.

एक सूनबाई हसली, म्हणाली, "मोबाइल बिघडलाय का?" दुसरी म्हणाली, "भीती वाटली थोडी." कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी मात्र पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "माझ्या मायीचा गळा असाच होता गं." मग गटाच्या अध्यक्षताईंनी आम्हाला नेमका प्रश्न विचारला, "ते सगळं खरं, पण ह्याला गाणं म्हणायचं का? आणि हे करायचं कशासाठी?"

आजचं बोलणं त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आम्ही जे ऐकवलं, तशा प्रकाराला इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. माणसाचा गळा, जातं, पाणी, पाऊस, बैलाच्या गळ्यातली घंटी असे खरे आवाज यंत्रात भरून घ्यायचे आणि मग ते कापून, जोडून, लांबवून, एकावर एक ठेवून त्यांचं संगीत घडवायचं. पेटी-तबला लागतोच असं नाही. लागतो तो आवाज, आणि लागतो कान. अशा आठ-दहा तुकड्यांचा एकत्र संग्रह केला की त्याला अल्बम म्हणतात. देशोदेशी कितीतरी जणांनी आणि जणींनी असे अल्बम प्रेम हा विषय घेऊन केले आहेत. कुणी कविता वाचायची, कुणी गायची, कुणी नुसतं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि त्या आवाजावर काम करायचं.

आवाज यंत्रात जातो कसा ते आधी पाहू. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. मायक्रोफोनमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो. ती थरथर पडद्यावर आदळते, पडदा हलतो आणि त्या हलण्याची बारीक वीज होते. आपल्या मोबाइलमध्ये हाच मायक्रोफोन आहे, ज्वारीच्या दाण्याहून लहान. पुढे यंत्र ती वीज मोजत जातं आणि आकडे लिहीत जातं. गाण्याच्या सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा हे मोजमाप होतं. म्हणजे "माय" हा एक शब्द उच्चारेपर्यंत हजारो आकडे लिहून झालेले असतात. ऐकायच्या वेळी यंत्र ते आकडे वाचून पुन्हा वीज करतं, स्पीकरचा पडदा हलतो, हवा थरथरते आणि आवाज आपल्या कानी येतो.

एकदा आवाज असा साठवला की त्याचं आपल्याला शिवणकामासारखं काम करता येतं. गोधडी शिवताना आपण काय करतो? जुन्या लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, लेकराच्या झबल्याचा तुकडा घेतो, कुठे काय बसतं ते पाहतो आणि टाके घालतो. आवाजाचंही तसंच. एक तुकडा कापला. तोच चार वेळा लावला. एकावर दुसरा ठेवला. एक हळू चालवला, की तो जाड आणि खोल होतो. एकाला घुमारा दिला, की तो देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा वाटतो. आम्ही ऐकवलेल्या त्या चार मिनिटांत एवढंच केलं होतं, आणि तेही साध्या मोबाइलवर.

हे काम सुरू कुठे झालं? मैत्रिणींनो, ते रेडिओवरच सुरू झालं, आणि म्हणून आम्हाला त्याची जास्त माया आहे. १९४८ साली फ्रान्समधल्या पॅरिस शहरात पिएर शेफर नावाचे गृहस्थ रेडिओवर नोकरीला होते. त्यांनी आगगाड्यांचे आवाज भरून घेतले. चाकांची खडखड, शिट्टी, वाफ. जुन्या तबकडीची सुई एकाच खाचेत अडकली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, हे तुमच्यापैकी काही जणींनी ऐकलं असेल. आपण त्याला बिघाड म्हणतो. शेफर यांनी तो बिघाड मुद्दाम घडवला आणि त्यातून ताल काढला. मग आगगाड्यांचं ते संगीत रेडिओवरून लोकांना ऐकवलं.

पुढे इंग्लंडच्या बीबीसी रेडिओवर डेलिया डर्बिशायर नावाच्या बाई हे काम करत होत्या. १९६४ साली बॅरी बर्मांज यांच्याबरोबर त्यांनी एक कार्यक्रम केला. साध्यासुध्या माणसांना त्यांची स्वप्नं सांगायला लावली, ते बोलणं कापून जोडलं आणि खाली यंत्रातून काढलेले सूर घातले. गायक कुणी नव्हतं, पण बोलण्याचंच संगीत झालं. या डेलियाबाईंची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९६३ साली त्यांनी एका टीव्ही मालिकेचं सुरुवातीचं संगीत यंत्रावर घडवलं. ते जगभर गाजलं. पण त्यांच्या विभागात काम करणाऱ्यांची नावं द्यायची रीत नव्हती. त्यांचं नाव त्या मालिकेच्या पडद्यावर आलं ते २०१३ साली. त्या २००१ सालीच गेल्या होत्या.

आपल्या देशातही हे काम झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली विजेवर सूर काढणारं यंत्र आलं आणि तिथे स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई या संगीतातल्या जाणकार बाईंचाही त्यात हात होता. काही वर्षांत तो बंद पडला, टेपा कपाटात राहिल्या. त्या पुढे सापडल्या आणि २०२३ साली त्यांचा अल्बम निघाला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं काम आज ऐकायला मिळतं, कारण कुणीतरी टेपा टाकून दिल्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, पॅरिस झालं, अहमदाबाद झालं, आमचा काय संबंध? संबंध आहे. आवाज आणि कविता मिळून मायेची गोष्ट सांगायची, हे काम आपल्या बायकांनी यंत्र येण्याआधी शेकडो वर्षं केलं आहे. पहाटे, अंधारात, जात्यावर बसून.

आपला हिंगोली जिल्हा नामदेवांचा. नर्सी आपल्याच जिल्ह्यात. आणि नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. दळता-कांडता जनीनं अभंग रचले आणि विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो असं लोकांनी मानलं. विचार करा, ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिनं देवाला कुठे बोलावलं? जात्यावर. जातं ही तिची एकटीची जागा होती. तिथे ती कुणावर जीव आहे ते मोकळेपणानं सांगू शकत होती.

आपल्या आज्या-पणज्यांचं तेच होतं. दिवसभर चारचौघांत आपल्या बाईला प्रेम हा शब्द तोंडातून काढता येत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात लपवून. माहेरची आठवण आली तर चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायचे. पण खुंटा हातात आला की सगळं मोकळं. भाऊ दिवाळीला न्यायला येईल का, लेक सासरी कशी असेल, आईच्या घराची वाट, पहिलं लेकरू, कधी नवऱ्याचा राग आणि कधी लाजत लाजत त्याचं कौतुक, शेजारणीशी जुळलेलं मैत्र, विठोबाची ओढ. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या, त्याही अशाच घरच्या माणसाला हाक मारावी तशा. ही सगळी प्रेमाचीच रूपं. ओव्या ऐकताना एक गोष्ट नीट कळते. बाईच्या आयुष्यात प्रेम म्हणजे नवरा-बायकोचं एकच एक नातं नव्हतं. ते दहा दिशांना पसरलेलं होतं.

आणि हे शब्दांपुरतं नव्हतं, हे आम्हाला आज मुद्दाम सांगायचं आहे. ओवी कागदावर लिहिली तर दोन-तीन ओळींत संपते. गाताना मात्र बाई ती ओळ अर्धी म्हणते, थांबते, दाणे घालते, पुन्हा तीच ओळ घेते, मधे "बाई" घालते, "गं" घालते. जात्याचा एक फेरा होतो तेवढ्यात तिचा श्वास बसतो. दोघी समोरासमोर असल्या तर एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची. भावाच्या नावापाशी सूर वर जातो, सासरच्या नावापाशी खाली येतो. जिथे गळा भरून येतो तिथे नुसतं जातं फिरत राहतं. ही जी जागा आहे ना, नुसतं जातं फिरण्याची, ती वहीत कशी लिहिणार? माया बहुतेक वेळा तिथेच असते. म्हणून आवाज भरून ठेवायचा.

हे ओळखून महाराष्ट्रात एक फार मोठं काम झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइत्वाँ या दोघांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातून झाली, मग काम राज्यभर पसरलं. वीस वर्षांहून जास्त काळ ते चाललं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. हजाराहून जास्त गावं आणि तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया. १९९० नंतरच्या वर्षांत बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि प्रत्येक ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, कशाबद्दल, याची संगणकात नोंद लावली. गी पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. काम मात्र थांबलं नाही. २०१७ पासून 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या पी. साईनाथ यांच्या संस्थेनं या ओव्या इंटरनेटवर ठेवायला घेतल्या. कुणालाही त्या फुकट ऐकता येतात. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, कुटुंब, जमेल तिथे फोटो दिलेला असतो.

आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्या संग्रहात आहे. त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या. गोदेकाठची बोली आपल्या कानाची आहे, त्यामुळे ऐकताना वाटतं की बाई पलीकडच्या घरातूनच गातेय. सीतेचं दुःख सांगता सांगता कुठली बाई स्वतःचं सांगू लागते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गंगूबाई आज नाहीत. आवाज आहे.

आता आमची चूक सांगतो, कारण तुमच्याकडून ती होऊ नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीवर एका आजींकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, पण गळा खणखणीत. हळदीचा हंगाम होता, अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि आजी राखण करत बसल्या होत्या. आम्ही ओव्यांचं विचारलं. आधी म्हणाल्या, "कुठल्या आता ओव्या, गिरणी आली आणि सगळं गेलं." मग आपसूक सुरू झाल्या. तासभर गात होत्या. आमच्याकडे मोबाइल होता, पण त्यात जागा शिल्लक नव्हती. आम्ही म्हणालो, आज लिहून घेऊ, भरून घ्यायला पुन्हा येऊ. वहीत चाळीसेक ओव्या उतरवल्या. पेरणी आली, मग सोयाबीनची काढणी आली, कुणाच्या घरी लग्न, कुणाचं बाळंतपण. पुन्हा गेलो तेव्हा आजींच्या फोटोला हार होता.

ती वही आमच्याकडे आहे. शब्द सगळे आहेत. पण त्यांच्या नातीनं विचारलं, "आजीचा आवाज आहे का तुमच्याकडे?" तेव्हा आम्ही खाली मान घातली. त्या नातीला ओव्या नको होत्या. तिला आजी हवी होती.

मोबाइलची जागा करायला दोन मिनिटं लागली असती.

दुसरी गोष्ट याच्या उलट्या बाजूची. एका गावात शेतात निंदता निंदता एक ताई गात होत्या. कुणीतरी त्यांना न सांगता व्हिडिओ काढला आणि व्हॉट्सअॅपवर टाकला. गाणं नवऱ्यावरच्या रुसव्याचं होतं. गावभर झालं. पोरं रस्त्यात ती ओळ म्हणू लागली. घरात भांडण झालं आणि ताईंनी गाणंच सोडलं. व्हिडिओ काढणाऱ्याला वाटत होतं आपण कौतुकच केलं. पण मायेची गोष्ट बाई जात्याला सांगते किंवा शेताला सांगते, ती सगळ्या जगाला सांगायची की नाही हे तिनंच ठरवायचं असतं.

कायदाही हेच म्हणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क त्यात आले. गाणारीच्या संमतीशिवाय तिचं गाणं भरून घ्यायचं नाही की वाजवायचं नाही. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक हक्क दिला, गाणारीचं नाव लागण्याचा. मोठ्या स्टेजवर गाणारीला जो हक्क, तोच अंगणात गाणारीला. डेलियाबाईंचं नाव यायला पन्नास वर्षं लागली. आपल्या आजीचं नाव पहिल्याच दिवशी लागलं पाहिजे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग यंत्रानं आवाज कापायचा-जोडायचा तरी कशाला? आहे तसा ठेवा. हा प्रश्न बरोबर आहे. आमचं उत्तर असं की दोन्ही करावं, पण क्रम चुकवू नये. आधी आवाज आहे तसा, पूर्ण, कुठेही न कापता जपून ठेवायचा. ते बियाणं. बियाणाला हात लावायचा नाही. मग त्याची दुसरी प्रत करून तिच्यावर काम करायचं. ते का करायचं? कारण आजच्या मुलींना सलग तासभर ओव्या ऐकायची सवय नाही. पण आजीच्या ओवीत नातीनं लिहिलेली चार ओळींची कविता मिसळली, मधे जात्याची घरघर घातली, शेवटी दोघींचं हसणं ठेवलं, तर ती मुलगी ते ऐकते, मैत्रिणीला ऐकवते, आणि मग आजीजवळ जाऊन विचारते, "पूर्ण ओवी कशी आहे गं?" आम्ही हे होताना पाहिलं आहे. त्या सूनबाई, ज्यांना मोबाइल बिघडलाय असं वाटलं होतं, त्यांनीच निघताना विचारलं, "आमच्या सासूबाईंचं करता येईल का?"

करता येईल. तुमच्या गटाला करता येईल. कसं, ते सांगतो. वही-पेन घ्या.

पहिलं, दिवस आणि जागा ठरवा. लग्नाच्या हळदीला आजही आपल्याकडे जातं मांडतात, त्याची पूजा करतात, हळद दळतात, घाणा भरतात. तेव्हा म्हाताऱ्या बायांना गाणी आपोआप आठवतात. पण त्या दिवशी गलका फार. म्हणून त्या दिवशी कोण काय गातं ते लक्षात ठेवा आणि चार दिवसांनी निवांत दुपारी त्यांच्याकडे जा. घरात जातं असेल तर मांडा, मूठभर ज्वारी घाला. हात फिरू लागला की ओवी येते, नुसतं "गा" म्हटलं तर येत नाही.

दुसरं, मोबाइल. आधी त्यात जागा करा आणि चार्जिंग भरून घ्या. फ्लाइट मोड चालू करा, म्हणजे मधेच फोन येणार नाही. पंखा, टीव्ही बंद करा. पत्र्याच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा जिथे गोधड्या, धान्याची पोती आहेत अशी खोली बरी. मोबाइल गाणारीच्या तोंडापासून दोन-तीन वितींवर, पण जात्यावर किंवा जात्याच्या जमिनीवर टेकवून ठेवू नका, नाहीतर घरघरच भरेल. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. हातात धरू नका. एक मिनिट भरून, ऐकून पाहा आणि मगच पुढे जा.

तिसरं, परवानगी. भरायला सुरुवात केली की आधी विचारा आणि ते उत्तरही त्यातच भरू द्या. "आजी, हे भरून घेऊ का? कुणाकुणाला ऐकवायचं? घरच्यांनाच, आपल्या गटाला, रेडिओवर की मोबाइलवर सगळ्यांना?" त्या जेवढं म्हणतील तेवढंच. नंतर त्यांचं मन बदललं तर तेही ऐकायचं. मग त्यांचं नाव, गाव, माहेर, ही ओवी कुणाकडून शिकल्या, ते त्यांच्याच तोंडून घ्या. कुणाचीही बायको, कुणाचीही आई असं नको, त्यांचं स्वतःचं नाव.

चौथं, घाई नको. ओवी संपली तरी दहा आकडे मोजेपर्यंत भरणं थांबवू नका. त्या दहा आकड्यांत बाई "हे माझी माय म्हणायची" असं काहीतरी बोलते, आणि तेच सगळ्यात मोलाचं असतं. मधे जातं एकटं फिरू द्या, तेही भरा. पाणी ओतण्याचा, सूप पाखडण्याचा, चुलीचा आवाज वेगळा भरून ठेवा. पुढे जोडायला लागतो.

पाचवं, जपणूक. एकाच मोबाइलमध्ये राहिलेला आवाज हा राहिलेला नसतो. मोबाइल पडतो, हरवतो, पोरं पुसून टाकतात. त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी प्रत करा. गटातल्या दोघींच्या घरी एक-एक पेन ड्राइव्ह ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून आवाज चालू आहे का ते पाहा. फाइलला नाव द्या, तारीख, गाव, गाणारी, विषय. राईरकर-पॉइत्वाँ यांच्या लाखभर ओव्यांतून आज एक ओवी सापडते ती अशा नोंदीमुळेच.

आणि सहावं, जोडकाम. हे शाळा-कॉलेजच्या मुलींना द्या. आवाज कापायची-जोडायची फुकट अॅप मोबाइलवर मिळतात, मुलींना ती एका दिवसात येतात. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना गाणारी शेजारी बसलेली असू द्या. झालं की सगळ्यात आधी तिला ऐकवा. तिनं "असं नको" म्हटलं तर तसं नको.

असे आठ-दहा तुकडे झाले की तुमच्या गटाचा अल्बम झाला. एक आईचा, एक लेकीचा, एक भावाचा, एक मैत्रिणीचा. विकायला नको, दुकानात ठेवायला नको. हळदी-कुंकवाला ऐकवा, आठ मार्चला ऐकवा, सासरी निघालेल्या मुलीच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

बायकांनी स्वतःचा आवाज स्वतः सांभाळायचा, हे काही नवीन नाही. आपल्यापासून फार दूर नाही, तेलंगणातल्या झहीराबाद भागात माचनूर गावी २००८ साली दलित शेतकरी बायकांनी आपलं रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांचं केंद्र सुरू झालं. तिथेही बाया बोलतात.

आता अध्यक्षताईंच्या प्रश्नाकडे. त्याला गाणं म्हणायचं का? ताई, आमचं म्हणणं, ज्या आजींनी डोळे पुसले त्यांना विचारा. त्यांनी ते गाणं म्हणूनही ऐकलं नाही आणि यंत्र म्हणूनही नाही. त्यांना त्यात माय भेटली. नाव काहीही द्या.

आज एवढंच करा. घरी गेलात की मोबाइल उघडा आणि नको असलेले व्हिडिओ, सकाळचे गुड मॉर्निंगचे फोटो पुसून थोडी जागा करा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसा. सासू असो, आई असो, चुलतसासू असो. विचारा, "तुम्ही दळताना काय म्हणायचात?" पेरणीच्या आधी विचारा. आम्ही पेरणीनंतर जायचं ठरवलं होतं.